अर्धं वेचलेलं झाड

१

"सर, ज्याच्याजवळ या देशाचा एकही कागद नाई आणि ज्यानं आमच्या गावच्या माणसाचा खून केला, त्यालेबी वकील भेटते का?"

प्रश्न माझा नव्हता. प्रिया आणि आयुषनं शर्त लावली होती. शाळेतल्या कायद्याच्या शिबिरात, सगळ्या सरांसमोर, न्यायाधीश साहेबांना हे विचारून दाखव, बाजारातले चार आलूबोंडे आमच्याकडून. जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, तेव्हापासून माझ्यावर अशा शर्ती लागतात. त्याआधी मी हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायची. आता माईक दिसला की हात आपोआप वर जातो.

पूर्ण हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "वकील काऊन, डायरेक्ट फाशी!" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा दहावीचा फॉर्म फाटताना दिसला.

साहेब मात्र हसले नाहीत. "मिळतो," ते म्हणाले. "मिळायलाच पाहिजे. माणूस कुठून आला हा एक प्रश्न. त्यानं काय केलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहायचं नसतं. तुमच्या गावच्या त्या प्रकरणात मिळाला का वकील?"

तालुक्यात दुसरी आलेली मी पुन्हा खाली बघायला लागले.

"माहीत नाई सर," म्हणून खाली बसले.

शिबिर संपल्यावर काळा कोट घातलेल्या एक मॅडम थेट आमच्या घोळक्यात आल्या. माधवी मॅडम. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकार जे वकील देते, त्यातल्या त्या.

"मिळाला," त्या म्हणाल्या. "परवा. तीन आठवडे होऊन गेल्यावर. ती वकील मीच. तू सावरटोल्याची ना? मग मला सांग, तुमच्या गावात त्या बुधवारी नेमकं काय झालं? माझ्या अशिलानं गुन्हा कबूल केला म्हणून कागद आहे. पण खून कुठं झाला हेच त्याला सांगता येत नाहीये."

२

काय झालं ते पूर्ण गावाला पाठ होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आमच्या गावाला मोठा तलाव आहे, आणि तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, सडकेपर्यंत मोहाची झाडं. होळीनंतर तीन-चार आठवडे आमचं गाव कोंबड्याच्या आधी उठतं. फुलं रात्रभर गळतात, पहाटे तर नुसता सडा पडतो. आई टोपली घेऊन जाते, मी मागे जांभया देत. उजेड पडून घटकाभर झाली की झाडाखालची जमीन पुन्हा कोरी. रोजचं फूल रोज वेचायचं.

तलावाचे राखणदार होते मुखरूभाऊ गेडाम. बायको वारल्यावर पाळीवरच्या झोपडीत एकटेच राहायचे. होळीला दोन आठवडे होऊन गेल्यावरच्या बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला भागीरथाबाई मोह वेचायला पाळीवर गेल्या, तर त्यांच्या झाडाखाली मुखरूभाऊ मरून पडलेले. डोकं फुटलेलं. बाजूला टोपली.

माझे बाबा गावचे पोलीस पाटील. ते धावत गेले. परत आले आणि मोबाईल माझ्याकडे दिला. "हा फोटो ठाण्यातल्या साहेबाले पाठव. पाहू नको." बाबांच्या मोबाईलचं सगळं मीच करते. न बघता फोटो कसा पाठवतात ते मला अजून कोणी शिकवलेलं नाही. मी एक डोळा मिटून पाहिलं. मुखरूभाऊंचा निळा शर्ट, आणि खिशाजवळ पिवळट पांढरी दोन फुलं, कोणी मुद्दाम ठेवल्यासारखी. पाठवून दिला.

दुपारी कळलं, पोलिसांनी निताईला धरलं. निताई हालदार बाजूच्या बंगाली कॅम्पातला. कॅम्पातले लोक पन्नास वर्षांपूर्वी बांगलादेशाकडून आले, त्यांना सरकारनंच जमिनी दिल्या, कागद दिले. निताई मात्र चार वर्षांपूर्वी आत्याकडे आला, बिना कागदाचा. तलावाच्या ठेक्यावर जाळं टाकायचा आणि सायकलवर मासोळी विकायचा. मराठी त्याला जेमतेम भाव सांगण्यापुरतं येत होतं.

मंगळवारी संध्याकाळी तलावावर त्याचं आणि मुखरूभाऊंचं जोरात भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. भांडण झालं, अंधार पडायच्या वेळेला निताईनं वल्ह्यानं मारलं, प्रेत रात्रभर झाडाखाली पडून होतं. गाव म्हणालं, बांगलादेशीच तो, आणखी काय करणार.

मीपण म्हणाले होते. आलूबोंड्याची शर्त लावताना आम्ही तिघं हसत होतो, ते त्याच हिमतीवर.

"मॅडम, आमी शोधतो," मी म्हणाले.

"शोधू नका," मॅडम म्हणाल्या. "फक्त विचारा. आणि उजेडात विचारा. मंगळवारी रात्रीपासून तो कुठं होता, एवढं कळलं तरी मला खूप आहे."

ते तर पहिल्याच घरी कळलं. आणि ज्यांनी सांगायला पाहिजे होतं, ते सांगत नव्हते.

३

सकाळची शाळा सुटली की आम्ही सायकली काढल्या. निताईची आत्या, शेफाली पिशी, दारात जाळं विणत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी आधी दार लोटलं. मग माझं नाव ऐकून उघडलं.

"पोलीस पाटीलची मुलगी? आता काय नेणार? एकच होता, तो नेला."

"पिशी, मंगळवारी रात्री निताईदा कुठी होते?"

"इथे. जेवला, झोपला. मग पहाटे चारला गाडी आली. कागद तपासायची गाडी. घरोघर टॉर्च मारला. आमचा कागद पाहिला, ठेवला. त्याच्याजवळ नाही, तर त्याला नेला. अजून चार जणांना नेला. ते चार परत आले, त्यांचे कागद निघाले."

आयुषनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे बुधवारी पहाटे चार वाजतापासून तो पोलिसाजवळच होता?"

"पूर्ण कॅम्पनं पाहिला. कागदावर पोलीस लिहितात, अकरा वाजता पकडला."

"आणि भांडण?" प्रियानं विचारलं. "मंगळवारचं?"

पिशी हसल्या. "भांडण? मुखरू त्याला रागावत होता. तपासणी सुरू आहे, चार दिवस तलावावर येऊ नको, पळून जा, म्हणत होता. हा म्हणे, पळून कुठे जाऊ, मासे कोण पकडणार? दोघांचा गळा मोठा. मुखरू मेला तर माझ्या पोरानं दोन दिवस भात नाही खाल्ला, मा. कोठडीत. त्या मॅडमनं सांगितलं."

मग जाळ्याची सुई खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, सुटला तरी त्याला इथे नाही ठेवणार. तिकडे पाठवतील. जाईल. कागद नाही तर जाईल. पण खुनी होऊन नाही गेला पाहिजे. तिकडे त्याची आई आहे. तिला कोण काय सांगणार?"

मी जाळ्याची सुई उचलून त्यांच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर आयुष म्हणाला, "यानं काई होत नाई दिव्यानी. पोलीस म्हनते, खून मंगळवारी संध्याकाळी झाला. चार वाजता पकडला काय अन् अकराले काय. संध्याकाळी मोकळाच होता ना तो."

बरोबर होतं. आता प्रश्न एकच उरला. मुखरूभाऊ मंगळवारी संध्याकाळी मेले, की बुधवारी सकाळी?

४

"चार दिवस मी त्या झाडाखाली गेली नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. अंगणात मोह वाळत घातला होता आणि त्या काठीनं शेळ्या हाकलत होत्या. "पूर्ण फूल सडलं. अन् मले एक समजत नाई, तो मेला माह्याच झाडाखाली काऊन?"

"काऊन म्हंजे?"

"अवो, त्याचं झाड तिकडं सडकेवर. हे माह्या सासऱ्यापासून आमचं. गावात कोनी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली घेऊन जाते का? मुखरू तर कधीच नाई. माह्या झाडाचं फूल वाऱ्यानं त्याच्याकडं गेलं तरी आणून देत होता, एवढा सरळ."

"बाई, तुमी पाह्यलं तवा खाली फुलं होती का?"

"मंग काय! चांगला जाड सडा. त्याच्या पाठीखाली तर चेंदामेंदा झाली होती. मीच त्याची मान उचलून पाह्यली, जीव आहे का म्हनून. केसाले चिकटली होती."

"आणि अंगावर?"

त्यांची काठी थांबली. शेळीनं संधी साधून तोंड भरलं.

"अंगावर दोन फुलं," त्या हळूच म्हणाल्या. "दोनच."

प्रियाला उडी मारायची सवय आहे, तिनं मारली. मलाही मारावीशी वाटली. मोहाखाली रात्रभर बैल बांधला तरी सकाळी त्याची पाठ पांढरी होते, हे आमच्या इथलं अंगणवाडीतलं पोर सांगेल. मुखरूभाऊ संध्याकाळपासून तिथं पडलेले असते, तर फुलं त्यांच्या अंगावर असती आणि अंगाखालची जमीन कोरी. इथं उलटं होतं. आधी रात्रभर फुलं पडली, मग त्यांच्यावर माणूस आला. उजाडल्यावर. आणि तेव्हा निताईला पोलिसांच्या गाडीत बसून अडीच तास झाले होते.

"बाई, हे कोर्टात सांगसान?"

"मी काई पाह्यलं नाई."

"आताच तर सांगतलं!"

"तुले सांगतलं. कोर्टाले नाई सांगतलं." त्यांनी काठी माझ्याकडे वळवली. "मले एकटीच्या डोक्शावर काऊन देतं? तुहा बाप बी उभा होता तिथी. त्याले इचार."

विचारायची गरज नव्हती. फोटो होता ना! मी घरी आले, बाबा झोपले होते, त्यांचा मोबाईल घेतला. बुधवारचे फोटो उघडले. आमच्या बैलाचा एक होता, आईच्या अंगणवाडीचे दोन. मुखरूभाऊंचा नव्हता. ठाण्याच्या साहेबांना पाठवलेला मेसेजही नव्हता. तिथं फक्त लिहिलं होतं, हा मेसेज काढून टाकला आहे.

५

दुसऱ्या दिवशी माधवी मॅडमना फोन लावून एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे खूप वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "पंचनाम्यात हे लिहिलंय. 'प्रेताचे अंगावर सर्वत्र मोहाची फुले पडलेली असून त्यावरून प्रेत रात्रभर सदर ठिकाणीच असल्याचे दिसून येते.' ज्यानं लिहवलं, त्याला मोह कळतो. अंगावर काय असायला पाहिजे होतं ते त्याला माहीत होतं."

"पण ते खोटं आहे!"

"खाली दोन पंचांच्या सह्या आहेत. एक श्रीहरी कोहळे. दुसरी..." त्या थांबल्या. "दिव्यानी, तुझं आडनाव रामटेके ना?"

ती सही मी दर परीक्षेनंतर माझ्या प्रगतिपुस्तकावर बघते.

मी फोन ठेवला. प्रियानं विचारलं काय झालं, तर म्हणाले, नेटवर्क गेलं. जानेवारीपासून पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं. पण विचारायचं थांबवताही येईना, कारण एक झाड राहिलं होतं. मुखरूभाऊंचं.

ते सडकेच्या कडेला, भागीरथाबाईंच्या झाडापासून दोनशे पावलांवर. तिथं लालसूकाका गावची गुरं चारत होते. लालसूकाका एटापल्लीकडचे, बोलतात कमी, म्हणून लोकांना वाटतं त्यांना दिसतही कमीच.

"काका, त्या बुधवारी तुमी इथीच होते?"

"रोजच असतो."

"मुखरूभाऊचं झाड पाह्यलं होतं का?"

"पाह्यलं ना. अर्धं वेचलं होतं. सूर्य निघते तिकडचं सगळं साफ. इकडचं पडूनच. माह्या गाई घुसल्या अन् पोटं फुगेपर्यंत खाल्लं. मी हाकलून हाकलून थकलो."

मी झाडाखाली गोल फिरले. त्या दिवशी अर्धं साफ. रात्री पडलेला सडा अर्ध्या भागातून उचलला गेला होता, म्हणजे तो पडल्यानंतर कोणीतरी वेचत होतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी जात नाही, म्हणजे वेचणारे मुखरूभाऊच.

"काका, म्हंजे बुधवारी सकाळी ते जिवंत होते!"

"होता ना," लालसूकाका म्हणाले. "मेलेला माणूस फुलं वेचते का?"

"मंग कोनाले सांगतलं काऊन नाई?"

"कोनी इचारलं?"

आयुष सडकेच्या कडेच्या रेतीच्या ढिगावर बसला होता. शाळेत जाता-येता आम्ही तीन आठवडे त्या ढिगावरून लांब उडीची प्रॅक्टिस करत होतो. माझा रेकॉर्ड अकरा पावलांचा.

"काका," मी विचारलं, "ही रेती कधीपासून आहे इथी?"

"त्याच दिवसापासून. मी आलो तवा ट्रॅक्टर अर्धी ट्रॉली इथीच उलटी करून गेला होता."

आयुष उठला. आम्ही तिघंही हळूहळू मागं सरकलो. आजूबाजूला एक घर नाही, बांधकाम नाही. रेती इथं टाकायचं कारण एकच. खाली काहीतरी झाकायचं होतं.

६

मग आम्ही शाळेच्या पंपाजवळ बसून जोडलं. कोणी वही काढली नाही, सगळं डोक्यातच लागत गेलं.

मुखरूभाऊ पहाटे आपल्या झाडाखाली वेचत होते. सडकेला लागून. अर्धं झालं तेव्हा रेतीचा ट्रॅक्टर आला. नदीची रेती चोरून आणायची तर ती उजाडता उजाडताच आणतात, आणि तेव्हा दिवे लावत नाहीत. धडक बसली. चालवणाऱ्यानं रक्तावर रेती ओतली, मुखरूभाऊंना आणि त्यांच्या टोपलीला पाळीवरच्या मोहाखाली नेऊन ठेवलं. सडकेवर मेलेला माणूस म्हटलं की पहिला प्रश्न गाडी कोणाची. झाडाखाली मेलेला म्हटलं की दहा प्रश्न, पण गाडीचा एकही नाही.

"पण गाडीवाला कोन?" प्रिया म्हणाली. "गावातलाच कोनी असन तर?"

"गावातला नाई," मी म्हणाले. इथं मला खरंच मजा वाटली, आणि लगेच त्या मजेची लाजही. "गावातल्या माणसानं त्यायले त्यायच्याच झाडाखाली ठेवलं असतं. मुखरूभाऊ भागीरथाबाईच्या झाडाखाली, हे खोटं आहे म्हनून कोनीबी ओळखते. ज्यानं ठेवलं त्याले सगळे मोह सारखेच दिसतात. बाहेरचा माणूस. अन् त्या पाळीवर, सडकेवर बाहेरचे येणारे दोनच. एक निताईदा, ते पोलिसाच्या गाडीत."

"दुसरा निकेश," आयुष म्हणाला.

निकेश बल्लारपूरचा. श्रीहरी सेठचा, म्हणजे पंचनाम्यावर सही असलेल्या त्याच श्रीहरी कोहळेंचा, ट्रॅक्टर चालवायचा. गाणी इतकी जोरात लावायचा की आमचा गणिताचा तास बुडायचा आणि आम्ही त्याला दुवा द्यायचो. त्या बुधवारपासून गाणं बंद झालं होतं. आम्ही म्हटलं होतं, बरं झालं, परीक्षा आहे.

निकेशला आम्ही शोधायला गेलो नाही, मॅडमनी बजावलं होतं. पण श्रीहरी सेठच आम्हाला भेटले. धान मिलच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हाक मारली, तीही किती प्रेमानं.

"ये वो बाई, भाषणवाली. ऐकलं तू लय फिरून राह्यली. पाणी घे."

"नको काका. निकेशदादा कुठी गेले?"

"हैदराबादले. चांगलं काम भेटलं त्याले." ते हसले. "तुले काय पाह्यजे पोरी? मुखरूचा न्याय? मुखरू काई परत येत नाई. अन् तो बंगाली त्या दिवशी धरलाच होता, बिना कागदाचा होता म्हनून. खुनाचं नाव नसतं तरी तो जाणारच होता. मंग कोनाचं काय बिघडलं, सांग बरं?"

त्यांनी काहीच कबूल केलं नव्हतं. आणि सगळंच सांगितलं होतं.

"तुह्या बाबाले समजलं," ते म्हणाले. "तुलेबी समजन. हुशार आहे तू."

७

माधवी मॅडम शनिवारी स्वतः आल्या. भागीरथाबाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या, मला मोतीबिंदू आहे, फुलंबिलं दिसत नाहीत. हे म्हणताना त्या मोहातून बारीक खडे वेचून फेकत होत्या. लालसूकाका म्हणाले, "मले जंगलात राहाचं आहे, कोर्टात नाई. माह्या गाई कुठी चरतात ते सगळ्यायले माहीत आहे," आणि गुरं घेऊन चालू लागले. मुखरूभाऊंच्या झाडाचा तर फुलोराच संपला होता. खालची जमीन कोरी, अर्धीही आणि पूर्णही. रेतीचा ढीग रात्रीतून उचलला गेला होता. तिथं ओला मुरूम टाकला होता, ग्रामपंचायतीच्या रस्ता दुरुस्तीचा.

"ठाण्यात बाबायनं पाठवलेला फोटो असन ना," मी म्हणाले.

"मागितला. म्हणाले, फोन बदलला. शवविच्छेदनाचा कागद म्हणतो, कठीण आणि बोथट वस्तू. वल्हं कठीण आणि बोथट असतं. ट्रॅक्टरही असतो." मॅडम मोटारसायकलवर टेकून उभ्या होत्या, हेल्मेट हातात. "तालुक्यात एकाही वकिलाला हे प्रकरण नको होतं. मला मिळालं तेव्हा कबुलीचा कागद तयार होता. बंगालीत एक शब्द नाही त्यात, आणि त्याला मराठी वाचता येत नाही. कोणी दुभाषा दिला नाही. हे सगळं मी मांडणार आहे. पण मांडायला माझ्याकडे फक्त 'नाही' आहेत. दुभाषा नाही, वकील नाही, वेळ नाही. एकही 'आहे' नाही."

"म्हंजे काय होईल?"

"जामीन मिळणार नाही, त्याचा इथं पत्ताच नाही. खटला कधी लागेल माहीत नाही. मधेच कधीतरी वरून आदेश आला की त्याला सीमेवर घेऊन जातील. मग खटला कोणाविरुद्ध चालवायचा? फाईलवर आरोपी खुनी तो खुनीच. श्रीहरीला तेच हवंय. निकाल नको, नुसतं त्याचं जाणं हवं."

"आमी सगळं सोडवलं मॅडम," मी म्हणाले. "कोडं सुटलं ना!"

"सुटलं. पण ऐकायला कोणी बोलावल्याशिवाय सुटलेल्या कोड्याचा उपयोग नसतो." त्यांनी हेल्मेट घातलं, मग पुन्हा काढलं. "तो फोटो बाबांशिवाय कोणी पाहिला होता?"

मी चपलेनं माती उकरायला लागले. त्यांना तेवढ्यानंच कळलं.

"आजच सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "सोमवारी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब देता येतो. तू लहान आहेस, तरी देता येतो. पण पंचनामा खोटा म्हटलंस की पहिलं बोट बाबांकडे जाईल. पोलीस पाटीलकी जाईल. कदाचित त्याहून जास्त. मी तुला 'दे' म्हणणार नाही. आणि 'देऊ नको' म्हणायला मी निताईची वकील आहे."

८

घरी आले तेव्हा आई चुलीजवळ मोह भाजत होती. बाबा खाटेवर बसून बैलाची वेसण वळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वकीलबाई आल्या होत्या म्हनते."

"बाबा, पंचनाम्यावर सही कुठी केली?"

दोरी वळायची थांबली.

"सेठच्या ओसरीवर," बाबा म्हणाले. "संध्याकाळी. लिहून तयार होतं. वाचून दाखवलं."

"फुलं अंगावर होती म्हनून वाचलं?"

"हो."

"तुमी पाह्यली होती अंगावर?"

आईनं कढई उतरवली. "दिव्यानी, पुरे झालं."

"पुरे नाई झालं आई. बाबा, तुमी पाह्यली होती?"

बाबांनी वेसण बाजूला ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला नकोच होतं. मला वाटलं होतं, धमकी दिली म्हणतील, किंवा समजलं नाही म्हणतील.

"दोन होती," ते म्हणाले. "मीच झटकली, त्याच्या तोंडावर चादर टाकताना. मले माहीत होतं बाई. तिथी उभा राहूनच माहीत होतं. मी म्हटलं, तो पोरगा तसाबी जाणार आहे. कागद नाई त्याच्याजवळ. जाणाऱ्या माणसावर नाव गेलं तर गावातला कोनी मरत नाई. मी कोनाचं वाईट नाई करून राह्यलो, असं मले वाटलं."

"अन् फोटो?"

"सेठनं मिटवाले सांगतला. मले मिटवता येत नाई, त्यानंच मिटवला."

चुलीत लाकूड तडकलं. आई म्हणाली, "तुह्या बापानं बावीस वर्षं या गावाचं काम केलं. एक खोटा कागद नाई. एक चूक झाली. एकाच चुकीसाठी पोटची पोरगी त्यायच्याविरुद्ध उभी राहणार का?"

"निताईदाची एकबी चूक नाई झाली आई. म्हंजे झाली. ते बिना कागदाचे आले. त्याची जी शिक्षा आहे ती होऊ दे. पण मुखरूभाऊले त्यायनं नाई मारलं."

"तुले काय करायचं आहे मंग?" बाबा म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, जसं आठवडी बाजारातून काय आणू म्हणून विचारतात.

समोर माईक नव्हता, हॉल नव्हता, टाळ्या वाजवायला प्रिया नव्हती. मला हेही माहीत होतं की मी गेले तरी बहुतेक काही होणार नाही. निताईदा जातीलच. निकेश सापडणार नाही. सेठ ओसरीवर बसून पाणी पाजतच राहतील. आणि आमच्या दारावरची पोलीस पाटलाची पाटी निघून जाईल.

"मी सोमवारी चामोर्शीच्या कोर्टात जबाब द्याले जाते आहे," मी म्हणाले. "फोटोत काय होतं ते सांगणार. सही कुठी झाली ते बी सांगणार. मी लहान आहे म्हनून सोबत घरचं माणूस लागते. तुमच्या दोघांतलं कोन येते ते तुमी ठरवा. कोनीच नाई आलं, तर शेफाली पिशीले घेऊन जाईन. बस साडेआठची आहे."

आणि मी डबा धुवायला विहिरीवर गेले.